वाङ्मयचौर्य : एका शब्दाचे कूळ

'वाङ्मयचौर्य' हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला तो शाळेत, निबंधाच्या वहीच्या निमित्ताने. वर्गातल्या चौघांनी एकाच गाइडमधून 'पावसाळ्यातील एक दिवस' उतरवून काढला होता आणि चौघांच्याही निबंधात आजोबांची छत्री त्याच पुलावर, त्याच वाऱ्याने उलटी झाली होती. गुरुजींनी छडी काढली नाही. फळ्यावर हा शब्द लिहिला आणि त्याची फोड करून दाखवली. वाक्, त्याला मय, आणि चोरापासून चौर्य. छडी परवडली असती असे तेव्हा वाटले. चौघांपैकी एक आम्ही होतो.

पुढे लिहायला लागलो, छापून यायला लागले, तसा हा शब्द पुन्हापुन्हा कानावर येऊ लागला. कुणाच्या तरी गझलेत कुणाचा तरी शेर आढळायचा, कुणाच्या प्रबंधात दुसऱ्याचा अख्खा अध्याय निघायचा. दरवेळी चार दिवस गलका व्हायचा आणि मग सगळे शांत. या गलक्यात एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही असे आम्हाला वाटत आले आहे. गोठ्यातून बैल चोरीला गेला तर दावे रिकामे दिसते. कविता चोरीला गेली तर ती कवीच्या वहीत होती तशीच असते, एक काना-मात्राही कमी होत नाही. मग नेले काय?

निरनिराळ्या भाषांनी या गुन्ह्याला जी नावे ठेवली त्यांतच या प्रश्नाची उत्तरे दडलेली आहेत. म्हणून आम्ही शब्दांच्या मागे लागलो.

इंग्रजीतला 'प्लेजिअरिझम' लॅटिनमधल्या 'प्लॅगिआरिउस'पासून आला. गंमत अशी की या मूळ शब्दाचा वाङ्मयाशी काही संबंध नव्हता आणि वस्तूच्या चोरीशीही नव्हता. प्लॅगिआरिउस म्हणजे माणसे पळवणारा. स्वतंत्र माणसाला धरून गुलाम म्हणून विकणारा किंवा दुसऱ्याच्या गुलामाला फूस लावून नेणारा. रोममध्ये या गुन्ह्यासाठी 'लेक्स फाबिया' नावाचा वेगळा कायदा होता. कोर्टकचेरीतला हा शब्द कवितेत आणला तो मार्शल या कवीने. तो आजच्या स्पेनमधल्या बिल्बिलिस गावचा. रोममध्ये नशीब काढायला आलेला, श्रीमंतांच्या दारी हजेरी लावून दिवस काढणारा. इसवी सन 86च्या सुमारास त्याच्या लघुकवितांचे पहिले पुस्तक आले. त्यातल्या 52व्या कवितेत तो क्विंटिआनुस नावाच्या वजनदार मित्राला गाऱ्हाणे सांगतो. माझ्या कविता मी हातावेगळ्या केल्या आहेत, मालकाने मुक्त केलेल्या गुलामांसारख्या. आता दुसराच एक कवी त्या आपल्या म्हणून वाचून दाखवतो. त्यांनी गुलामीची तक्रार केली तर तू त्यांच्या बाजूने उभा राहा, त्या माझ्या होत्या आणि मी त्यांना सोडले आहे असे सांग. तीन-चारदा ओरडून सांगितलेस तर त्या पळवणाऱ्याला लाज वाटेल.

मार्शलने दंड मागितला नाही, कैद मागितली नाही. लाज मागितली.

अर्थात मार्शल काही संत नव्हता. याच पुस्तकात फिदेंतिनुस नावाच्या एका उचल्याला तो बजावतो की कविता माझ्या म्हणून वाचणार असशील तर फुकट पाठवतो. तुझ्या म्हणून वाचायच्या असतील तर पैसे मोज, म्हणजे त्या माझ्या राहणार नाहीत. म्हणजे योग्य भाव आला तर पोर विकायलाही हरकत नव्हती! शिवाय ज्या शहरात खरीखुरी माणसे रोज बाजारात उभी केली जात होती, तिथल्या कवीला आपल्या ओळी पळवल्या गेल्याचे दुःख गुलामाच्या उपमेतून सांगावेसे वाटले आणि गुलामगिरीबद्दल तिथे अवाक्षरही काढावेसे वाटले नाही, हेही आम्ही विसरू इच्छित नाही. तरीही त्याच्या शब्दाने एक गोष्ट अचूक पकडली. पळवलेले पोर मरत नाही. ते जिवंत असते, हसते-खेळते, कदाचित नव्या घरात जास्त चांगले कपडे घालते. फक्त ते कुणाचे हे त्याच्याबद्दल खोटे सांगितले जाते.

1601 साली बेन जॉन्सनने आपल्या 'पोएटास्टर' नाटकात हा शब्द इंग्रजीत आणला आणि पुढे तो विद्यापीठांतून जगभर गेला. मराठीत त्या अर्थाने वाङ्मयचौर्य रूढ झाले. लॅटिनमधला माणूस वाटेत हरवला, आपल्याकडे पोहोचली ती वस्तू.

आता आमच्या घराजवळचा शब्द घेऊ. उर्दूत वाङ्मयचौर्याला 'सरका' म्हणतात. अस्सल मराठी कानाला ते 'जरा सरका' असे ऐकू येईल, आणि ते अगदीच चुकीचे नाही. दुसऱ्याचा मिसरा हळूच आपल्याकडे सरकलेला असतोच. मूळ अरबी शब्द 'सरिका'. कायद्याच्या ग्रंथांत चोरीला जो शब्द, ज्या चोरीला हात तोडण्याची सजा, तोच हा शब्द. त्यामुळे अरबी समीक्षक कवींच्या बाबतीत फार कठोर असतील असे वाटते. प्रत्यक्षात उलट आहे. दहाव्या शतकात आमिदीने अबू तम्माम आणि बुहतुरी या दोन कवींची तुलना करणारा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात उचललेल्या कल्पनांची पानेच्या पाने जंत्री आहे. पण तिथेच तो सांगतो की काव्य जाणणारे लोक कल्पनेची उचल हा कवीचा मोठा दोष मानत नाहीत, कारण या दारातून न गेलेला कवी विरळाच. मुतनब्बीवर असाच आरोप झाला तेव्हा तो म्हणाला म्हणे की कविता हा मळलेला रस्ता आहे, एका घोड्याची टाप दुसऱ्याच्या टापेवर पडायचीच. हात कुणी कुणाचा मागितला नाही. त्याऐवजी त्यांनी शब्द घडवले, आणि हे शब्द इतके नेमके आहेत की आजच्या आमच्या समीक्षकांना ते उसने द्यावेत.

सगळेच्या सगळे उतरवून घेणे ते 'नस्ख'. आपल्या नुस्ख्याचे मूळ हेच. थोडे शब्द फिरवून मूळ रूप बिघडवणे ते 'मस्ख'. माणसाचे माकड करणे म्हणतात तसे. आणि शब्द बाजूला टाकून आतला अर्थ तेवढा काढून नेणे ते 'सल्ख', म्हणजे कातडे सोलणे. बकरी ईदच्या दिवशी ज्याने अंगणात उभे राहून हे काम पाहिले आहे त्याला अधिक समजावण्याची गरज नाही. दोन कवींना एकच कल्पना आपापली सुचली तर ते 'तवारुद'; एकाच पाणवठ्यावर दोन वाटांनी दोघे येऊन पोहोचले. दुसऱ्याची ओळ उघडपणे घेऊन तिच्याभोवती आपली कविता बांधली तर 'तज़मीन', आणि ती कलाच मानली गेली. तरही मुशायऱ्यात तर एकच मिसरा सगळ्यांना आधीच दिलेला असतो. सगळे त्याच्यावर लिहितात आणि चोरी कुणाचीच होत नाही, कारण मिसरा कुठून आला हे सभागृहात सगळ्यांना ठाऊक असते.

या यादीतला एक शब्द मात्र आम्हाला टोचत राहिला आहे. 'इग़ारा'. धाड. उमय्यांच्या काळातला फरज़दक हा दांडगा कवी. एखाद्या कमी नावाच्या कवीच्या तोंडून उत्तम ओळ ऐकली की तो सरळ सांगायचा, ही सोड, ही माझ्या तोंडी शोभते. न सोडशील तर तुझ्यावर अशी हजो लिहीन की तोंड दाखवायला जागा उरणार नाही. आणि समोरचा सोडायचा. नंतरच्या ग्रंथकारांनी हे किस्से मिश्कीलपणे नोंदवले आहेत. आम्हीही ते वाचताना हसलो. मग लक्षात आले की आपण फरज़दकच्या बाजूने हसतो आहोत. ज्याची ओळ गेली त्याचे पुढे काय झाले हे विचारावेसेही आपल्याला वाटले नाही.

याच फरज़दकचा दुसरा किस्सा आहे. ज़ुर्रुम्मा नावाच्या कवीला जरीरने एका भांडणात मदत म्हणून तीन-चार ओळी रचून दिल्या. ही चोरी नव्हती, देणगी होती. तिलाही वेगळा शब्द आहे, 'मुराफदा'. ज़ुर्रुम्माने ती कविता फरज़दकसमोर म्हटली. त्या ओळींपाशी फरज़दक थांबला आणि म्हणाला, हा घास तुझ्यापेक्षा बळकट जबड्याने चावलेला आहे. स्वतः धाडी घालणाऱ्याचे कान किती तिखट असतात पाहा.

आपल्याकडच्या संस्कृत पंडितांनी याच विषयावर कमी विचार केलेला नाही. सातव्या शतकात बाणभट्टाने 'हर्षचरिता'च्या आरंभीच कविचोराला गाठले आहे. अक्षरे बदलून, बांधणीच्या खुणा लपवून तो वावरतो पण जाणकारांत ओळखला जातोच. 'वर्ण' आणि 'बंध' या शब्दांवर श्लेष साधून बाणाने इथे रंग बदललेला, बेडीचे वळ झाकणारा खराखुरा चोर उभा केला आहे. पुढे नवव्या-दहाव्या शतकातल्या राजशेखराने 'काव्यमीमांसे'त या हरणावर सलग तीन अध्याय खर्ची घातले. त्याचा शब्द 'वाक्चौर्य'. इतर चोऱ्या काळ गेला की पुसल्या जातात, वाणीची चोरी मुला-नातवंडांपर्यंत पुसली जात नाही, असा सूर तो नोंदवतो. आणि लगेच आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचे मत देतो. ती म्हणते, असे काही नाही; चोरी करता येते, त्याला कारणे आहेत. त्या कवीला कोणी ओळखत नाही, मला ओळखतात. त्याला प्रतिष्ठा नाही, मला आहे.

अवंतिसुंदरी हे गंभीरपणे म्हणाली की पंडितांची टिंगल करत होती हे आम्हाला ठरवता आलेले नाही. पण तिने जे सांगितले ते फरज़दकच्या धाडीचेच व्याकरण आहे. चोरी बहुधा वरून खाली होते. नाव असलेला नाव नसलेल्याचे घेतो. उलटे झाले तर गलका होतो, सुलटे झाले तर त्याला शैली म्हणतात.

आज या सगळ्याची मोजदाद यंत्राने होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली नियम केले. प्रबंधातले साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, पुढे 40 आणि 60 टक्क्यांच्या पायऱ्या. काही तरी नियम हवाच, आमची तक्रार नाही. पण यंत्र नस्ख ओळखते. सल्ख ओळखणे त्याला अजून जड जाते. कातडे सोलण्यात तरबेज झालेले विद्वान आम्ही पाहिले आहेत. कायद्याचे म्हणाल तर 1957च्या कॉपीराइट कायद्यात हक्क विकता येतो, वारशाने मिळतो, लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी संपतो. त्याच कायद्याचे 57वे कलम मात्र सांगते की हक्क विकून टाकला तरी 'हे माझे लेखन आहे' असे सांगण्याचा लेखकाचा अधिकार उरतो. मार्शलने फिदेंतिनुसला जी सवलत देऊ केली होती ती या कलमाला मंजूर नाही. पैसे घेऊन पोर दुसऱ्याच्या घरी राहील, बापाचे नाव बदलणार नाही.

बापाच्या नावावरून हजरत ज़ैद यांची आठवण होते. लहानपणी एका टोळीच्या हल्ल्यात ते पळवले गेले आणि उकाज़च्या बाजारात विकले गेले. म्हणजे मार्शलचा शब्द त्यांच्या आयुष्यात अक्षरशः घडला. हात बदलत ते हजरत खदीजा यांच्या घरी आले, तिथून पैगंबरसाहेबांकडे. पुढे वडील हारिसा शोध घेत मक्केला पोहोचले. मुलाला निवडीची मोकळीक मिळाली आणि त्याने पैगंबरसाहेबांजवळ राहणे निवडले. पैगंबरसाहेबांनी त्यांना मुलगा मानले, लोक त्यांना 'ज़ैद बिन मुहंमद' म्हणू लागले. यापेक्षा मोठे नाव कुठले असणार? तरीही मदीनेत सूरह अहज़ाबची आयत आली की मानलेल्या मुलांना त्यांच्या बापाच्या नावाने हाक मारा. आणि ते पुन्हा 'ज़ैद बिन हारिसा' झाले. या आयतीचा विषय दत्तक आणि वंश हा आहे, कविता नाही, हे आम्हाला कळते. पण ज़ैद यांना त्या घरात कशाचीच कमी नव्हती, प्रेमाची तर नव्हतीच. कमी होती ती मक्केपर्यंत पायपीट करून आलेल्या एका बापाच्या नावाची, आणि ती भरून काढली गेली. हे वाचल्यापासून 'आम्ही त्या ओवीला छापून अमर केले' असले काही म्हणण्याची आमची हिंमत होत नाही.

ओवीचे सांगायलाच हवे, कारण हा लेख तिच्यापायी सुरू झाला.

आमच्या फुफी जात्यावर दळताना गायच्या. घरात बोलणे दखनी, पण जात्यावर मराठी. तशी आमच्या बायांची ही जुनी रीत आहे. विजापूरकडच्या सूफींनी बायांसाठी दखनीत चक्कीनामे रचली ती हेच जाते आणि हेच हात डोळ्यांपुढे ठेवून. आम्ही पहाटे जात्याशेजारी गोधडीत पडून ऐकत असू. पीठ चेहऱ्यावर उडायचे. त्या ओव्यांपैकी दोन, माहेरच्या वाटेच्या, आमच्या डोक्यात बसल्या त्या बसल्याच. 1989 साली एका दिवाळी अंकाने कविता मागितली. आम्ही त्या दोन ओव्यांभोवती आणखी आठ ओळी रचल्या आणि खाली आमचे नाव घालून पाठवल्या. पत्रे आली. एका जाणत्या कवीने लिहिले की या कवितेतल्या पहिल्या चार ओळी पुढच्या आठांपेक्षा फार वरच्या आहेत. तो घास कुणी चावला होता हे त्यांनी बरोबर ओळखले होते. पत्र आम्ही कौतुक म्हणून जपून ठेवले.

अंक घेऊन गावी गेलो. फुफींना अक्षरओळख नव्हती, म्हणून वाचून दाखवला. त्या ज्वारी निवडत होत्या. हात थांबला. म्हणाल्या, "ये तो हमारी अम्मा की है रे. तेरे कू कां मिली?"

दखनीत 'मिली' म्हणजे सापडली, आणि 'मिली' म्हणजे भेटलीही. जत्रेत चुकलेली पोर कुणाच्या तरी कडेवर दिसावी तसे त्यांनी विचारले. आवाजात राग नव्हता, आनंदच होता, आणि तोच आम्हाला जड गेला. 'फुफी, तुमच्याकडूनच मिळाली' एवढेच म्हणायचे होते. आम्ही म्हणालो, "अशीच सुचली." तवारुद! फुफींनी मान हलवली. म्हणाल्या, असेल, अम्माला पण अशीच सुचली असेल. आणि ज्वारी निवडायला लागल्या.

त्यांचा विश्वास बसला होता की त्यांनी आम्हाला वाट करून दिली, हे आजवर कळलेले नाही. विचारायला त्या आता नाहीत.

काही वर्षांनी संग्रह निघाला तेव्हा मन खाऊ लागले होते, म्हणून कवितेखाली बारीक टायपात छापले, 'लोकगीतावर आधारित'. हलके वाटले. हे हलके वाटणेच आज संशयास्पद वाटते. लोकगीत म्हणजे कुणाचे? लोक जात्यावर बसत नाहीत. कुणी एक बाई बसते, तिला पहाटे काही सुचते, ती दुसरीला देते. 'लोक' म्हटले की देणे कुणाचेच उरत नाही, आणि वर आपण नाव घेतल्याचे पुण्यही पदरात पडते. हदीसच्या विद्येत सांगणाऱ्याने आधी सनद सांगायची असते: मला अमक्याने सांगितले, त्याला तमक्याने. अब्दुल्लाह बिन मुबारक यांनी तर इसनाद हा दीनचाच भाग मानला. या साखळीत एखादा दुवा सफाईने झाकला तर त्याला 'तदलीस' म्हणतात, आणि हाच शब्द बाजारातल्या लबाडीलाही आहे. मालातला दोष झाकून विकणे. आठवडी बाजारात सड बांधून, आचळ फुगवून शेळी दुभती दाखवतात ना, तो प्रकार. 'लोकगीतावर आधारित' ही आमची तदलीस होती. त्यात सरळ खोटे एक अक्षर नव्हते.

आमच्यासारख्यांनी हे जास्त सांभाळायला हवे होते. मराठीत आमच्या लोकांनी काय लिहिले, काय गायले, याची नोंद नाही म्हणून आम्ही व्यासपीठांवरून तक्रार करत आलो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे नाव घेतो, शाहीर अमर शेखांचे घेतो, आणि मग म्हणतो की बाकीचे पुसले गेले. पुसणाऱ्यांत एक हात आमचा होता. संतकवींनी अभंगाच्या शेवटी आपली मुद्रा ठेवली म्हणून ती नावे राहिली. जात्यावरच्या बाईने ओवीत भावाचे नाव घातले, बापाचे घातले, पिराचे घातले. स्वतःचे घालण्याची रीतच नव्हती.

यंदा त्या संग्रहाची नवी आवृत्ती निघते आहे. मुद्रिते आली तेव्हा आम्ही ती ओळ खोडली आणि फुफींचे नाव लिहिले. मग त्यांचेच शब्द आठवले, हमारी अम्मा की है. सनद तिथपर्यंत तरी न्यायला हवी. फुफींच्या मुलांना फोन केला. आजीचे नाव कुणालाच सांगता येईना. सगळे तिला अम्मा म्हणत, गावही अम्मा म्हणत असे. जुने रेशनकार्ड निघाले, त्यावर आजोबांच्या नावापुढे नुसते 'पत्नी'. कबरीवर दगड आहे, अक्षर नाही. धाकट्या भावाने सुचवले की निकाहनामा काझींच्या जुन्या दफ्तरात असू शकेल. ते दफ्तर तालुक्याला कुणाच्या तरी माळ्यावर आहे म्हणतात. परवा जाऊन यायचे ठरले आहे. प्रकाशकाने मुद्रितांसाठी आठवड्याची मुदत दिली आहे, आणि त्या पानावर फुफींच्या नावापुढे 'त्यांना त्यांच्या आई' इतके लिहून आम्ही जागा सोडली आहे.